गुऱ्हाळाचे चित्रीकरण आणि रिचर्ड लीकॉक यांच्याकडून घेण्यासारखे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही कागल तालुक्यातले असून अभियांत्रिकीची पदविका घेतलेली आहे, आणि गावातले एक जुने गुऱ्हाळ येत्या हंगामात पहिल्या आधणापासून (आधण म्हणजे एका वेळी काहिलीत, मोठ्या कढईत, उकळायला घेतलेला रस) शेवटच्या आधणापर्यंत चित्रित करण्याचा तुमचा विचार आहे. माहितीपटकार रिचर्ड लीकॉक यांच्याविषयी वाचल्यावर आपणही तसेच काम करावे असे तुम्हाला वाटले आणि त्यातून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कॅमेरा कोणता घ्यावा, मुलाखत आणि निवेदन वापरायचेच नाही हा नियम कितपत पाळावा, आणि अशा कामावर माणसाचे पोट भरते का. मी कोल्हापुरात राहून माहितीपट करतो आणि या धंद्यात आलो तो ध्वनिमुद्रणाच्या वाटेने, त्यामुळे माझे उत्तर आवाजाकडे झुकणार हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही कॅमेऱ्याचा प्रश्न पहिला विचारला असला, तरी त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे. समोर जे घडते आहे त्यावरचा आपला ताबा किती सोडायची तुमची तयारी आहे, आणि तो सोडल्यावरही हाती चित्रपट उरावा म्हणून कोणती साधने लागतील? लीकॉक यांचे सारे आयुष्य या एका प्रश्नाभोवती गेले. म्हणून त्यांचा जीवनक्रम सांगताना ज्या वळणांचा तुमच्या गुऱ्हाळाशी संबंध आहे तिथे मी रेंगाळणार आहे आणि बाकीचे भराभर ओलांडणार आहे.

त्यांचा जन्म १९२१ साली लंडनमध्ये झाला, पण बालपण कॅनरी बेटांवर, वडिलांच्या केळीच्या मळ्यात गेले. पुढे इंग्लंडमध्ये शाळेत असताना त्यांनी रेल्वेमार्गाच्या बांधणीवरचा ‘तुर्कसिब’ हा रशियन मूकपट पाहिला, आणि आपले घर कसे आहे, केळी कशी पिकते हे वर्गमित्रांना दाखवायचे तर चित्रपटच करायला हवा असे त्यांच्या मनाने घेतले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३५ साली, त्यांनी केळीच्या मळ्यावर एक छोटा माहितीपट केला. पिकापासून मालापर्यंतची सगळी प्रक्रिया दाखवायची हा त्याचा हेतू आणि तुमचा आजचा हेतू यांत फारसा फरक नाही. त्यांच्या डार्टिंग्टन हॉल या शाळेत नामवंत माहितीपटकार रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या मुली शिकत होत्या; त्या ओळखीतून फ्लाहर्टींनी हा चित्रपट पाहिला आणि मुलगा लक्षात ठेवला.

त्यानंतर लीकॉक हार्वर्डला गेले आणि तिथे त्यांनी भौतिकशास्त्र शिकायला घेतले. चित्रपट करायचा असेल तर यंत्र आपल्याला कळले पाहिजे, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याचे छायाचित्रकार म्हणून ब्रह्मदेश आणि चीनमध्ये होते. युद्ध संपल्यावर फ्लाहर्टींनी त्यांना ‘लुइझियाना स्टोरी’साठी कॅमेऱ्यावर बोलावले, हा चित्रपट १९४८ साली पूर्ण झाला. तुमच्यासाठी त्यांच्या आयुष्यातला हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आवाज घ्यायचा नसेल तेव्हा हलका कॅमेरा हातात घेऊन ते दोघे हवे तिथे जात, वाट पाहत, एखादी गोष्ट पुन्हा वेगळ्या बाजूने न्याहाळत. पण संवादाचे दृश्य आले की आवाजाची अवजड यंत्रणा आणावी लागे, कॅमेरा एका जागी खिळे, आणि माणसे ठरलेल्या जागी उभी राहून ठरलेले बोलत. दृश्यातला जीव तिथेच जाई. कॅमेऱ्यापेक्षा आवाजच माणसाला खुंटीला बांधून ठेवतो, हे लीकॉक यांच्या ध्यानात आले ते इथे.

१९५४ साली त्यांनी तंबूतल्या फिरत्या नाटक मंडळीवर ‘टोबी अँड द टॉल कॉर्न’ हा माहितीपट केला. तो दूरचित्रवाणीवर पाहून ‘लाइफ’ साप्ताहिकातले संपादक रॉबर्ट ड्र्यू यांनी त्यांना गाठले. ड्र्यू यांना ‘लाइफ’मधील छायाचित्रांत जो क्षण पकडलेला असे तो पडद्यावर हवा होता, आणि लीकॉक यांना तो कोणत्या यंत्राने पकडता येईल हे शोधायचे होते. त्यांच्याभोवती पेनबेकर, अल्बर्ट मेझल्स, मॅकार्टनी-फिलगेट अशी कॅमेरा धरणारी माणसे जमली आणि १९६० साली ‘प्रायमरी’ तयार झाला. विस्कॉन्सिन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी जॉन केनेडी आणि ह्युबर्ट हम्फ्री यांच्यात झालेल्या लढतीचे हे चित्रण आहे. गर्दीतून वाट काढत व्यासपीठाकडे जाणाऱ्या केनेडींच्या पाठोपाठ चालणारा प्रसिद्ध शॉट मेझल्स यांचा. मतमोजणीच्या रात्री हॉटेलच्या खोलीत मात्र लीकॉक होते. मायक्रोफोन त्यांनी ॲशट्रेमध्ये ठेवला आणि स्वतः एका कोपऱ्यात खुर्चीत बसून राहिले. खोलीतल्या कोणालाही त्यांनी काही करायला सांगितले नाही, काही विचारले नाही. आज हे वाचताना साधे वाटते. त्या काळी निवडणुकीतल्या उमेदवाराला दिवे लावून खुर्चीत बसवून प्रश्न विचारणे हीच रीत होती.

‘प्रायमरी’चा गौरव होतो तेव्हा एक गोष्ट हमखास सुटून जाते. त्यातल्या हातातल्या कॅमेऱ्याच्या बऱ्याच दृश्यांत चित्र आणि आवाज एकाच वेळी जुळून आलेले नाहीत. आवाज वेगळा घेऊन नंतर जोडलेला आहे. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक एका गतीने चालावेत म्हणून ते तारेने जोडावे लागत, आणि तार आली की दोन माणसे एकमेकांना बांधली जात. यावरचा उपाय एका मनगटी घड्याळात सापडला. बुलोव्हा कंपनीने १९६० साली ॲक्युट्रॉन नावाचे घड्याळ बाजारात आणले. त्यात सेकंदाला ३६० कंपने करणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वेळ राखत असे. अशी अचूक कंपने कॅमेऱ्यालाही मिळाली आणि ध्वनिमुद्रकालाही मिळाली, तर दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर त्याच गतीने चालतील आणि मधल्या तारेची गरजच उरणार नाही, हा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचण्यासारखा विचार होता. जुने ऑरिकॉन कॅमेरे कापून, हलके करून, खांद्यावर बसतील असे त्यांनी घडवले होतेच.

कोल्हापूरकरांना यात नवल वाटू नये. आनंदराव पेंटर गेल्यानंतर बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या मदतीने कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० सालचा ‘सैरंध्री’ हा मूकपट घडवला, तो याच गावात. विकत मिळत नाही ते लेथवर घडवायचे ही वृत्ती आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे. तुमच्या पदविकेचा उपयोग तिथे आहे.

आता तुमच्या गुऱ्हाळाकडे येऊ. लीकॉक यांनी ज्यासाठी दशकभर धडपड केली ते आज कोणत्याही मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यात मिळते, म्हणून कॅमेऱ्याच्या नावावर मी वेळ घालवणार नाही. कमी प्रकाशात बऱ्यापैकी चालणारा, हातात घेऊन अर्धा-पाऊण तास थकवणार नाही इतका हलका, आणि सलग चित्रीकरण करताना उन्हात किंवा चुलवाणाजवळ (काहिलीखालच्या भट्टीजवळ) तापून बंद न पडणारा, एवढे पाहा. यातली शेवटची अट दुकानात तपासता येत नाही, म्हणून शक्य असेल तर कॅमेरा आधी भाड्याने घेऊन एक रात्र गुऱ्हाळावर चालवून पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे सेकंदाला २५ चौकटी आणि एक-पन्नासांश सेकंदाचे शटर ठेवले तर गुऱ्हाळातल्या ट्यूबलाइटचे पट्टे सहसा दिसत नाहीत. स्वस्त एलईडी दिवे असतील तर तेही तपासा. स्वतःचे दिवे नेऊ नका. चुलवाणाच्या तोंडाशी जाळाचा जेवढा उजेड असतो तेवढ्यात जाळ घालणाऱ्या जळव्याचा चेहरा दिसतो, आणि तो जेव्हा अंधारात जातो तेव्हा त्याला जाऊ द्या.

पैसे खर्च करायचे असतील तर ते आवाजावर करा. गुऱ्हाळात घाण्याची मोटर चालू असते, चुलवाण घोंघावत असते आणि रस उकळत असतो, म्हणून कॅमेऱ्यावरच्या मायक्रोफोनने तुमच्या हाती केवळ गोंगाट येईल. ज्या माणसाच्या हातात निर्णय आहे, त्याच्या अंगावर छोटा मायक्रोफोन लावा. गुऱ्हाळात तो माणूस गुळव्या. काहिलीतला रस कधी तयार झाला, मळी कधी काढायची, थोडा पाक पाण्यात सोडून गोळी जमते का ते कधी पाहायचे आणि काहील कधी उतरवायची हे तो ठरवतो, आणि त्याचे दोन शब्द चुकले तर सगळे आधण बिघडते. तो उघड्या अंगाने किंवा बनियनवर काम करत असेल आणि घामाने मायक्रोफोन खराब होतो, म्हणून तो बनियनच्या गळ्याजवळ बाहेरच्या बाजूने, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कापडी पट्टीने चिकटवा. घाणा थांबल्यावर जो थोडा निवांत काळ मिळतो त्यातली बोलणी सोन्यासारखी असतात. तेव्हा कॅमेरा खाली ठेवून जेवायला जाऊ नका.

वेगळा ध्वनिमुद्रक वापरणार असाल तर ॲक्युट्रॉनचा धडा तुमच्यासाठीही आहे. दोन स्वस्त यंत्रांची घड्याळे अगदी एकसारखी नसतात आणि तासाभराच्या सलग शॉटमध्ये ओठ आणि शब्द यांत अंतर पडू लागते. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी मायक्रोफोनजवळ एकदा टाळी वाजवली, की किती सरकले ते संकलनाच्या वेळी कळते. माणसे दोनच असतील तर दिग्दर्शकाने कोणते काम करावे, याबद्दल मतभेद आहेत. लीकॉक स्वतः कॅमेरा धरत आणि ड्र्यू यांच्या पथकात आवाजाची बाजू बातमीदार सांभाळत. माहितीपटकार फ्रेडरिक वाइझमन यांनी मात्र आवाज स्वतःच्या हाती ठेवला आणि कॅमेरा सहकाऱ्याकडे दिला. मी दुसऱ्या बाजूचा आहे. कानाला हेडफोन असलेल्या माणसाला पुढे काय होणार हे कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहणाऱ्यापेक्षा आधी कळते. पण तुमचा हात कॅमेऱ्यावर बसलेला असेल तर माझे ऐकू नका.

आता नियमांकडे. लीकॉक यांचा शिरस्ता असा होता: तिकाटणे (ट्रायपॉड) नाही, दिवे नाहीत, प्रश्न नाहीत, आणि कोणालाही काहीही करायला सांगायचे नाही. यातली पहिली तीन कलमे परिस्थितीवर अवलंबून आहेत, असे माझे मत आहे. चौथ्याबाबत मात्र मी हट्टी आहे, आणि त्याचे कारण तात्त्विक नाही. कुस्तीच्या एका तालमीत आम्ही चित्रीकरण करत होतो. वस्ताद मोठे अगत्याचे, आम्हाला नीट दिसावे म्हणून त्यांनी हौद्यातल्या पोरांना सांगितले, “कॅमेऱ्याकडं तोंड करून मारा की रं डाव.” पोरांनी लगेच मान डोलावली आणि जो डाव ती अंगाला अंग भिडवून मारत होती तो आता नाटकासारखा, एकेक पायरी दाखवत मारू लागली. आम्ही कॅमेरा बंद केला, कपड्याखाली झाकला आणि चहा प्यायलो. आम्ही काहीच घेत नाही हे पाहून हळूहळू त्यांचे त्यांचे सुरू झाले. त्या दिवशी आम्ही स्वतः “पुन्हा एकदा” म्हटले असते, तर त्यानंतर महिनाभर आम्हाला पाहताच पोरांनी पवित्रा घेतला असता. एकदा विनंती केली की समोरचा माणूस तुमच्या पुढच्या विनंतीची वाट पाहत राहतो, आणि त्याच्या कामात तुमची वाट पाहण्याचे काम मिसळते.

मुलाखती आणि निवेदनाबद्दल मात्र पोथीनिष्ठ होऊ नका. खुद्द ‘प्रायमरी’त निवेदन आहे, अगदी थोडे, पण आहे. आधणाला किती रस लागतो, बाजारात गुळाचा रवा (ढेप) काय वजनाचा धरतात, उधारी कोणाची, हे पाहून कळत नसेल आणि ते कळल्यावाचून पुढचे दृश्य समजत नसेल, तर एक वाक्य सांगून मोकळे व्हा. प्रश्न विचारण्याबद्दलही दोन घराणी आहेत. फ्रान्सचे माहितीपटकार जाँ रूश यांचे म्हणणे असे की कॅमेऱ्याच्या उपस्थितीनेच माणूस बोलता होतो, तेव्हा त्याला उघडपणे छेडावे आणि तेही पडद्यावर दाखवावे. १९६३ साली लियाँ येथील बैठकीत रूश आणि ड्र्यू-लीकॉक ही दोन्ही मंडळी समोरासमोर आली आणि बरीच खडाजंगी झाली. माझा अनुभव असा आहे की जिथे हातांना काम आहे तिथे विचारण्याची गरज पडत नाही. जिथे काम संपले आहे, माणसे म्हातारी झाली आहेत, गुऱ्हाळ बंद पडले आहे, तिथे न विचारता हाती काहीच लागत नाही. तुमचे गुऱ्हाळ चालू आहे. आधी वाट पाहा.

वाट पाहणे म्हणजे काय हे ‘द चेअर’ या १९६२ च्या चित्रपटात दिसते. शिकागोच्या तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या पॉल क्रम्प यांच्या शिक्षेत सूट मिळावी म्हणून त्यांचे वकील धडपडत आहेत. फोनवर अनपेक्षितपणे मोठे पाठबळ मिळाल्याचे कळते आणि फोन ठेवल्यावर त्या तरुण वकिलाला रडू कोसळते. लीकॉक यांचा कॅमेरा त्याच्यावरून हटत नाही. हा क्षण मागून मिळणारा नव्हता आणि आधीपासून त्या खोलीत बसून राहिल्याशिवाय दिसणाराही नव्हता. क्रम्प यांचा मृत्युदंड पुढे रद्द झाला.

तुम्ही विचारलेली नसली तरी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, ती म्हणजे माणसांची संमती. १९६३ साली दक्षिण डाकोटातल्या ॲबर्डीन गावात फिशर दांपत्याला एकाच वेळी पाच मुले झाली. आधीची पाच होतीच. लीकॉक आणि त्यांच्या सहदिग्दर्शिका जॉइस चोप्रा तिथे गेले. गावच्या व्यापारी मंडळाला या बातमीतून गावाचे नाव आणि धंदा वाढवायचा होता, भेटवस्तू आल्या, मिरवणूक निघाली, आणि या सगळ्या गजरात त्या आईचा चेहरा अवघडत गेला. ‘हॅपी मदर्स डे’ त्या अवघडलेल्या चेहऱ्यावर रेंगाळतो. ज्या दूरचित्रवाणी वाहिनीसाठी हे काम होते तिला हे मानवले नाही आणि तिने त्याच चित्रीकरणातून आपली वेगळी, गोड आवृत्ती काढली. तुमच्या गुऱ्हाळातही हाच ताण येणार आहे. मालक तुमच्या ओळखीचा असेल आणि परवानगी तो देईल. पण दिवसभर काहिलीशी उभा राहणारा गुळव्या, उचल घेऊन आलेले मजूर, रस काढलेली चिपाडे पसरवणाऱ्या बाया यांची परवानगी मालक देऊ शकत नाही. ती प्रत्येकाकडून वेगळी, मालक समोर नसताना घ्या, आणि ‘हे नको’ म्हणण्याचा त्यांचा हक्क हंगाम संपेपर्यंत उघडा ठेवा. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांच्या वेळी चित्रीकरण करणार असाल तर अडत्यांशीही आधी बोला. भाव पुकारताना कोणाच्याही तोंडासमोर कॅमेरा आला तर तो गप्प होतो, आणि त्यात शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते.

शेवटचा प्रश्न पोटाचा. लीकॉक यांचे उदाहरण इथे दिलासा देणारे आहे, पण सुखाचे नाही. ड्र्यू यांच्या पथकातून बाहेर पडून त्यांनी आणि पेनबेकर यांनी १९६३ साली स्वतःची कंपनी काढली, उत्तम कामे केली, तरी लीकॉक यांचा नंतरचा मोठा काळ गेला तो अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत शिकवण्यात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी माहितीपटकार एड पिंकस यांच्यासह तिथे चित्रपट विभाग उभा केला आणि १९८८ पर्यंत ते तिथे होते. पुढे माहितीपटकार झालेले रॉस मॅकेल्वी यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. सामान्य माणसाला परवडेल अशी, सुपर-८ या घरगुती वापराच्या फिल्मवर चित्र आणि आवाज जुळवण्याची यंत्रणा त्यांनी तिथे घडवली, पण लगेचच व्हिडिओ आला आणि ती मागे पडली. एखादा हट्टाने तिच्याच पाठी लागला असता. त्यांनी व्हिडिओ हाती घेतला. निवृत्तीनंतर ते पॅरिसला गेले आणि व्हॅलेरी लालोंद यांच्याबरोबर छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर घरगुती, खेळकर चित्रपट करत राहिले. २०११ साली पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

माझे स्वतःचे पोट साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि सहकारी बँका यांच्यासाठी केलेल्या चित्रफितींवर भरते, आणि त्यातून उरलेल्या महिन्यांत मी माझे काम करतो. आपल्या भागात ज्यांना मी हे काम टिकवताना पाहिले त्या बहुतेकांचे असेच आहे. काही जण शिकवतात, काही लग्नांचे चित्रीकरण करतात. लग्नाचे काम कमी लेखू नका: गर्दीत, मिळेल त्या उजेडात, काहीही पुन्हा करून न घेता दिवसभर चित्रीकरण करण्याचा तो चांगला सराव आहे. तुमच्या घरी शेती असेल तर गोष्ट वेगळी, कर्ज काढून कॅमेरा घेणार असाल तर आणखी वेगळी. दुसऱ्या परिस्थितीत मी पहिल्या हंगामासाठी भाड्याचा कॅमेरा आणि विकतचा मायक्रोफोन हेच सुचवीन. आणि हंगाम सुरू होण्याआधीच, भट्टी थंड असताना, काही दिवस कॅमेरा न घेता तिथे जाऊन बसा. काहील कोण घासते, चुलवाण कोण लिंपते आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढे समजले तरी पहिल्या आधणाच्या दिवशी कुठे उभे राहायचे ते तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.